दुसरा भाग

थंडर बेमध्ये एकच पडदा असलेल्या थिएटरात
मी पॉपकॉर्न विकते. सिनेमा बघत नाही,
दाराआडून ऐकते.
हसणारे लोक कमी खातात,
कंटाळलेले पुन्हा रांगेत येतात.
त्या शुक्रवारी पहिल्या वीस मिनिटांतच
माझं लोणी संपलं.

निळ्या वॉलरसचा दुसरा भाग लागला होता.
आधीचं होतं ते कार्टून, शनिवारी सकाळी टीव्हीवर,
ढगांवर तीनचाकी हाणणारा वॉलरस,
आपटला की पोळीसारखा चपटा,
आणि फूं केलं की पुन्हा टम्म.
या खेपेला आत माणूस होता.
बाहेर फोम, फोमवर निळा रंग,
कोपरांवर उडालेला.

पैसे नव्हते.
पैसे नाहीत हे लपवायला जे लागतात
तेही नव्हते.
चंद्र म्हणजे आमचाच कर्लिंग क्लब,
वर खडूची पूड.
"अगं बाई, तो आमचा बाक!"
तिसऱ्या रांगेतून वेंडला निएमी ओरडली,
"पाय मोडला तेव्हा ह्याच्यावरच बसवलं होतं मला!"
मग वॉलरस चंद्रावर उतरला कधी,
झेंडा रोवला कधी, कुणी पाहिलंच नाही.
सगळं थिएटर त्या बाकाकडे बघत होतं.

रेयो आणि क्लिफर्ड, सख्खे भाऊ, दोघंही चाळिशीपार,
सुळ्यावरून जुंपली.
एक म्हणे डावा वाकडा होता, दुसरा म्हणे उजवा,
बांधाच्या भांडणासारखं पेटलं,
शेवटी रेयो बाहेर येऊन माझ्यासमोर उभा राहिला.
"ह्यांनी दोन्ही सरळ केलेत," म्हणाला,
आणि खरंच त्याचा गळा दाटला होता.
मी त्याला मोठा डबा दिला, छोट्याच्या पैशात.

म्हातारे आर्वो मध्येच जागे झाले.
"संपला?"
"नाही अजून."
"अरेरे," म्हणाले, आणि पुन्हा घोरू लागले.

मग आली चेन.
वॉलरस रुसून तळ्याकडे निघतो, पाठमोरा,
व्हायोलिन वाजतंय,
आणि मानेपासून शेपटीपर्यंत लखलखीत चेन,
मध्ये चार बोटं उघडी,
उघड्यातून चौकड्यांचा शर्ट.
थिएटर असं फुटलं की मला वाटलं आग लागली,
हातातला पळा तसाच घेऊन मी आत धावले.
लोक खुर्च्या बडवत होते,
कुणीतरी जमिनीवर बसून हसत होतं.

पुढच्या रांगेत मारित, वेंडलाची नात, पाच वर्षांची,
खुर्चीवर उभी.
"लावा ना कुणीतरी! त्याला थंडी वाजतेय!"
पडद्याकडे हात करून, पुन्हा पुन्हा,
आणि बर्फ तिथला खरा होता,
त्याच्या तोंडातून निघणारी वाफही खरी.
हसणं चालूच राहिलं, थोडा वेळ,
जसा पंखा बटण बंद केल्यावर फिरतो.

शेवटच्या रांगेत एक माणूस एकटाच बसला होता.
छोटा डबा, बिनलोण्याचा, हे मला आठवत होतं.
दिवे लागल्यावरही तो उठला नाही.
मी झाडू मारत जवळ गेले तेव्हा त्याने विचारलं,
"त्या मुलीचा आवाज बाहेर ऐकू आला?"
"मी तर आतच होते," मी म्हटलं.
"हो," म्हणाला, "हो ना."
मग जिन्याकडे गेला,
डावा पाय किंचित ओढत, अंग डोलवत,
आणि तेवढ्यावरून मी ओळखलं.
दारापाशी त्याने जाकिटाची चेन
हनुवटीपर्यंत ओढली.
बाहेर उणे बावीस होतं, सगळेच ओढतात.

शनिवारच्या खेळाला एकोणीस जण आले.
रविवारी नऊ.
त्यातले सहा कर्लिंग क्लबचे,
बाक बघायला.